आईचा छापील मृत्यू

आमच्या घराला दोन खोल्या होत्या आणि त्यात रोज चौदा माणसं जेवायची. घरची आम्ही तीन. बाकीची अकरा कंपन्यांची. चाकणजवळच्या निघोज्यातली ती चाळ अक्कांची. अक्का म्हणजे गावातल्या जुन्या घरची म्हातारी. वावर कंपनीत गेलं तेव्हा उरलेल्या तुकड्यावर तिने पत्र्याच्या बारा खोल्या एका ओळीत उभ्या केल्या आणि त्यांत बीड, लातूर, नांदेड, यवतमाळ असा अर्धा महाराष्ट्र भाड्याने ठेवला. "आमी आदी बाजरी पेरायचो, आता मान्सं पेरतो," असं ती म्हणायची, आणि त्यात विनोद आहे हे तिच्या गावीही नव्हतं. चाळीच्या मागच्या शेडमध्ये पत्रा कापायचं मशीन होतं. ते चालू झालं की आमच्या भिंतीवरचा आरसा थरथरायचा, त्यामुळे मी लहानपणी स्वतःला स्थिर असं फक्त गुरुवारी पाहिलं आहे. गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी. रविवारी सुट्टी असते हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलं.

आई मेस चालवायची. बोर्ड नव्हता, कारण बोर्डावर काय लिहायचं हे कधी ठरलं नाही. पण मोठ्या शेगडीवर तव्याएवढाच मोठा विश्वास ठेवून ती पहाटेपासून पोळ्या करायची. फर्स्ट शिफ्टवाल्यांचे डबे, मग जनरलवाले, मग दुपारी सेकंडला जाणारे बाहेरच्या खोलीत मांडी घालून. जेवणाऱ्यांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. ती त्यांना पोळ्यांवरून ओळखायची. "सातवाला आला का? पाचवाल्याचं झाकण कुठंय? आन ते साडेतीनवालं आज कामून आलं नाही?" साडेतीनवाला हा नांदेडकडचा एक हडकुळा ट्रेनी होता, चौथी पोळी तो नेहमी मधोमध मोडून अर्धी परत ठेवायचा. एकदा त्याने मोठ्या संकोचाने आपलं नाव सांगितलं. आईने ते नीट ऐकून घेतलं, "चांगलंय नाव," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच समोर मला म्हणाली, "सारिके, साडेतीनला वरण वाढ."

पोळी ही कंपनीवाल्यांसाठी. आमच्यासाठी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. बीडकडून येताना आईने आणलेल्या ज्या गोष्टी टिकल्या, त्यांत या तीन होत्या. स्वतःच्या दोन भाकऱ्या ती सगळ्यांच्या आधी करून फडक्यात बांधून ठेवायची. "रांधणारी उपाशी राहिली की भाजी खारट होते," हे तिचं शास्त्र होतं, आणि ते तिने कधी मोडलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवते आहे, कारण पुढे याच बाबतीत माझ्या हातून एक गुन्हा झाला.

बाबा लाइनवर होते, काँट्रॅक्टवर. लाइनवर म्हणजे पुढे सरकणाऱ्या पट्ट्यापाशी आठ तास उभं राहायचं. ओव्हरटाइम मिळाला तर बारा. ओव्हरटाइम मिळावा म्हणून ते सुपरवायझरशी गोड बोलत, आणि मिळाला की घरी येऊन कुणाशीच बोलत नसत. त्यांनी आयुष्यात दारू घेतली नाही. सुपारीचं खांडसुद्धा नाही. त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, दारूने वाटोळं झालेलं होतं. बाबांनी त्यांना गावातल्या नालीतून उचलून खांद्यावर घरी आणलेलं मी ऐकलं होतं, अर्थात आईकडून. बाबांनी तो विषय कधी काढला नाही. कंपनीतल्या पोरांनी पगाराच्या दिवशी आग्रह केला की ते एवढंच म्हणायचे, "आमच्यात एकानं सगळ्यांची पिऊन ठेवलीय."

आता शाळा. आमच्या शाळेला कुठल्याशा कंपनीने कॅमेरा असलेला एक भला मोठा टीव्ही दिला होता. तो आला त्या दिवशी पेढे वाटले, फोटो काढले, आणि मग तो थर्माकोलसकट मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटाच्या बाजूला उभा राहिला. फुटला तर जबाबदार कोण, याचा निर्णय होईपर्यंत एक आख्खं वर्ष गेलं. निर्णय शेळके सरांनी घेतला, म्हणजे ते म्हणाले, "मी जबाबदार," आणि टीव्ही आमच्या वर्गाच्या भिंतीवर टांगला. सर मराठी शिकवायचे. चिंचवडहून मोटारसायकलवर यायचे, आणि वर्गात शिरताना त्यांच्या चेहऱ्यावर हेल्मेटचा वळ असायचा. लेखक नावाचा प्राणी जिवंत असतो, हे मुलांना दाखवायचं असा त्यांचा ध्यास होता. आमच्या पुस्तकातल्या प्रत्येक धड्याखाली लेखकाच्या नावापुढे कंसात जन्माचं आणि मृत्यूचं अशी दोन सालं असायची, त्यामुळे लेखक व्हायला आधी मरावं लागतं अशी आमची प्रामाणिक समजूत होती. सर लेखकांना पत्रं लिहीत, फोन करीत, आणि जो 'हो' म्हणेल त्याला आमच्या नववी 'ब'च्या भिंतीवर आणून बसवीत.

इंटरनेट सरांच्या मोबाइलमधून यायचं, आणि मोबाइलला रेंज फक्त खिडकीच्या तिसऱ्या गजापाशी यायची. तिथे तो रुमालाने बांधून ठेवलेला असे. पहिले आले ते मुलांसाठी लिहिणारे एक कवी. त्यांनी वीस मिनिटं हातवारे करून कविता म्हटल्या आणि आम्हाला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही, कारण त्यांच्याकडचा आवाज बंद होता. त्यांना ते कसं सांगावं या भिडेने सर शेवटपर्यंत मान डोलावत राहिले, आणि मग आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. कवी फार खूश झाले. इतका शांत वर्ग त्यांनी पाहिलाच नव्हता, असं त्यांनी सरांना नंतर कळवलं.

मग आल्या लेखिकाबाई. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच. त्या पुण्यात राहत. चाकणच्या रस्त्यावरची वाहनं बाजूला झाली असती तर तासाभरात आमच्या वर्गात प्रत्यक्ष उभ्या राहिल्या असत्या. ती बाजूला होणं शक्य नव्हतं, म्हणून त्या भिंतीवर आल्या. मागे पुस्तकांची कपाटं, अंगात खादीचा कुर्ता, आणि इतका मऊ आवाज की मागच्या बाकावरची मुलंही गप्प झाली. त्यांनी भाषण केलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज कोणता असतो?"

एकजण म्हणाला मोबाइलचा अलार्म. एकजण म्हणाला कंपनीच्या बसचा हॉर्न. अक्कांची नात नेहा माझ्या शेजारी बसायची, ती म्हणाली, "आजीचा. ती पाण्याच्या मोटरीवरून भाडेकरूंना ओरडते." मी म्हणाले, "परातीचा. आई परात फरशीवर ठेवते तो."

"अरे वा!" लेखिकाबाई पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की त्यांचं कपाळच तेवढं दिसू लागलं. "सांग, अजून सांग. नाव काय बाळ तुझं?"

मी नाव सांगितलं. त्यांना 'सरिता' ऐकू आलं. मग मी सांगू लागले. चौदा वर्षांच्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'अजून सांग' म्हणत होतं, आणि आख्खा वर्ग ऐकत होता. मी सातवाला सांगितला, साडेतीनवाला सांगितला, आईच्या मनगटावरचा तव्याचा डाग सांगितला. लेखिकाबाई मधूनमधून खाली वाकत, तेव्हा आम्हाला त्यांच्या केसांतला भांग दिसायचा. त्या लिहून घेत होत्या हे मला नंतर कळलं. मग त्यांचे डोळे ओलावले, आणि ते पाहून मला चेव आला. मी म्हणाले, "कधी कधी सगळ्यांना वाढून आईला काही उरतच नाही. ती तशीच झोपते."

हा तो गुन्हा. फडक्यातल्या दोन भाकऱ्या मी भर वर्गात, एका वाक्यात नाहीशा केल्या. खोटं बोलताना माझा आवाज खऱ्यापेक्षा चांगला लागला, हेही मला तेव्हाच जाणवलं. पुढच्या आयुष्यात मी जे थोडंफार लिहिलं, त्याची दीक्षा मला त्या क्षणी मिळाली असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर मी एक खरी गोष्ट सांगितली. "आणि बाबा घरी येतात ना, तेव्हा त्यांचे पाय लटपटत असतात. उंबऱ्यात भिंत धरून उभे राहतात."

लेखिकाबाईंनी डोळे मिटले. हात वर केला. "समजलं, बाळ. पुढे नको सांगूस."

मला वाटलं, किती समजूतदार बाई आहेत.

दिवाळीची सुट्टी संपली आणि सर वर्गात आले ते हेल्मेट न काढताच. हातात दिवाळी अंक. "आपल्या लेखिकाबाईंची कथा आली आहे," ते म्हणाले, "आणि ती आपल्या भागातली आहे! चाकण आहे, कंपन्या आहेत, सगळं आहे!" त्यांनी ती उभ्याने वाचून दाखवली. गोदा नावाची एक बाई. कामगारांना पोळ्या करून घालते. माणसांची नावं तिच्या ध्यानात राहत नाहीत, ती त्यांना पोळ्यांवरून ओळखते. वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. माझे कान गरम झाले, पण ते अभिमानाने. मग गोदाचा नवरा आला. तो रोज झिंगत यायचा. उंबऱ्यात भिंत धरून उभा राहायचा, कारण पाय लटपटत असायचे. मग गोदा उपाशी झोपू लागली. आणि शेवटी एका पहाटे, चुलीपुढे पोळी लाटता लाटता, ती कलंडली ती उठलीच नाही. कामगार जेवायला आले तेव्हा तिची मुलगी लाटणं हातात घेऊन बसली होती.

सरांना शेवटचा परिच्छेद वाचवेना. त्यांनी चष्मा पुसला. पुढच्या बाकावरच्या मुली मुसमुसत होत्या. नेहाने माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "तुझे पप्पा पितात? आमच्या आजीला म्हाईत न्हाई हे." मी 'नाही' म्हणाले. तिने माझा हात आणखी घट्ट धरला. एखादी मुलगी वडिलांची बाजू घेते तेव्हा तिचा हात असाच धरायचा असतो, हे तिलाही त्या कथेनेच शिकवलं असणार.

घरी मी काही बोलले नाही. पण कथेला पाय असतात, आणि आमच्याकडे तर तिच्यासाठी चार-चार व्हॉट्सअॅप ग्रुप होते. पानांचे फोटो नेहाकडून कुणाकडे, कुणाकडून कुणाकडे करत साडेतीनवाल्यापर्यंत पोचले. त्या दिवसापासून आमच्या मेसमध्ये एक विचित्र सौजन्य पसरलं. पोरं जेवून उठली की आपापली ताटं धुवायला लागली. सातवाला पाचावर आला. साडेतीनवाल्याने दोन पोळ्यांवर हात आडवा धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बास वहिनी. तुम्ही बसा जरा. जेवलात का तुम्ही?"

आई उलथनं हातात घेऊन बघतच राहिली. ते गेल्यावर तिने पातेल्यात बोट घालून भाजी चाटून पाहिली. "बिघडली नाही की. मग हे असं कामून करायलेत?" दुसऱ्या दिवशी तिने तेल वाढवलं. तिसऱ्या दिवशी बटाट्याच्या जागी मटार आणले. पोरं आणखी कमी जेवू लागली. मरणाच्या दारातल्या बाईने आपल्यासाठी मटार सोलले, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. आणि मग दोघांनी मेस सोडली. कुणीतरी उठवलं होतं की वहिनींना काहीतरी मोठं दुखणं आहे, छातीचं. अक्का दारात येऊन चौकशी करून गेली, "तुला कायतरी झालंय म्हणत्यात. असंल तर आत्ताच सांग. माझ्या खोल्यांत बाकीची मान्सं हायती."

तेव्हा मला तोंड उघडावं लागलं. संध्याकाळच्या पोळ्या चालल्या होत्या. मी परातीजवळ बसले आणि नेहाच्या मोबाइलवरून कथा वाचू लागले. बाबा आतल्या खोलीत ड्युटीवर जाण्यासाठी कपडे करत होते. आईचे हात थांबले नाहीत. ती अधूनमधून फक्त विचारत होती.

"चूल? पत्र्याच्या खोलीत चूल? अक्का उभं तरी करंल का?"

"गोष्टीत आहे, आई."

"बरं. पुढं."

पोळ्यांवरून माणसं ओळखण्याचा भाग आला तेव्हा ती चक्क हसली. "हे बराबर आहे." नवरा झिंगत आला तेव्हा हसू थांबलं, पण लाटणं थांबलं नाही. शेवटी गोदा मेली. मी वाचायची थांबले. आईने तव्यावरची पोळी उलटली, फुगू दिली, काढली.

"मेली तवा तव्यावर पोळी होती का?"

"हो. म्हणजे... असेल."

"मग जाळ कुणी बंद केला?"

मी मोबाइलवर शेवटचं पान पुन्हा वर सरकवून पाहिलं.

"बाई मरून पडली, तवा तापलेला, लेकरू झोपलेलं. घर पेटलं असतं की." तिला खरोखरच काळजी वाटली होती, गोदाच्या मुलीची. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आन मी उपाशी कधी झोपले गं?"

मी काही बोलायच्या आत बाबा दारात आले होते. अर्धा शर्ट खोचलेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मी पितो असं सांगितलंस तू?"

"नाही, बाबा. शपथ."

"मग तिनं कामून लिहिलं?"

"त्यांनी आपलं घातलं. गोष्टीला लागतं म्हणून."

हे खरं होतं. पाय लटपटल्याचं मी वर्गात सांगितलं होतं, ते मात्र बोलले नाही. बाबांनी उरलेला शर्ट खोचला. "मी ज्याला नालीतून उचलला," ते म्हणाले, "त्याच्या जागी मला निजवला की गं." मग त्यांनी डबा उचलला आणि गेले. डब्यात भाकरी घालायची राहिली होती हे आईच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं, पण कंपनीची बस थांबत नसते.

पुढच्याच आठवड्यात सरांनी कथेवर चर्चा ठेवली. लेखिकाबाई पुन्हा भिंतीवर येणार. पहिला प्रश्न मी विचारायचा, कारण, सर म्हणाले, "तुझा आणि या कथेचा विशेष संबंध आहे." एवढं बोलून त्यांनी मला चिठ्ठी दिली. तीवर सुवाच्य अक्षरात होतं: 'ही कथा आपणांस कशी सुचली?'

मी ते घरी बोलून गेले. आई म्हणाली, "कितीला हाय?" मी सांगितलं अकराला. ती म्हणाली, "जनरलचे डबे गेलेले असतेत तवा."

अकराला पाच मिनिटं कमी असताना आई वर्गाच्या दारात चपला काढून आत आली. नवी साडी, पण कोपरापर्यंत हात धुताना पिठाची एक रेघ राहून गेलेली. मुख्याध्यापकांना वाटलं, पालक समितीच्या कुणी बाई असाव्यात. त्यांनी खुर्ची दिली. भिंतीवर लेखिकाबाई उमटल्या. मी उभी राहिले आणि चिठ्ठी वाचली.

"फार सुंदर प्रश्न," लेखिकाबाई म्हणाल्या. "खरं सांगू? कथा सुचत नाही, ती भेटते. चाकणच्या रस्त्यावर सिग्नलला माझी गाडी थांबली होती. रस्त्याच्या कडेला एक बाई दिसली. डोक्यावर डबे. तिने माझ्याकडे पाहिलं. बास. तो चेहरा मी आजही विसरू शकत नाही."

वर्गात चुळबूळ झाली. आई खुर्चीवरून उठली आणि टीव्हीच्या समोर, अगदी हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली. शेळके सर पुढे झाले, मग का कोण जाणे, थांबले.

"बाई," आई म्हणाली, "ती मीच आहे. पण मी मेले नाही."

आवाज पोचायला वेळ लागायचा. लेखिकाबाई क्षणभर तशाच हसत राहिल्या, आणि मग ते वाक्य त्यांच्यापर्यंत गेलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. "मावशी, मला खूप बायका हेच सांगतात, की ती गोदा म्हणजे मीच. हेच तर कथेचं यश आहे!" आई त्यांच्यापेक्षा निदान पंधरा वर्षांनी लहान होती.

"तसं नाही. मी खरंच ती आहे. सातवाला आमच्याकडंच जेवतो. साडेतीनवाला बी."

आता मात्र पलीकडे शांतता झाली. ती रेंजची होती की मनातली, ते कळायला मार्ग नव्हता. चित्र गोठलं होतं, लेखिकाबाईंचं तोंड अर्धवट उघडं. सर धावत खिडकीशी गेले आणि मोबाइल चौथ्या गजाला लावून पाहिला. चित्र हललं. लेखिकाबाई जरा मागे सरकून बसल्या होत्या.

"मला मारली त्याचं काही नाही," आई सांगू लागली. "माणूस मरतंच. पण आमचे मालक पीत नाहीत. ते तेवढं काढा."

"मावशी, ती गोष्ट आहे हो. खरं नाही ते."

"गोष्टच आहे ना? मग बदला की. खरं असतं तर कुणाला बदलता आलं असतं?"

हे ऐकून शेळके सरांनी खिडकीतून वळून आईकडे पाहिलं. त्यानंतर शाळा संपेपर्यंत ते आईला वाकून नमस्कार करत.

"पण..." लेखिकाबाई काही तरी आठवत होत्या. त्यांची नजर पडद्यावर इकडेतिकडे फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. "सरिता ना तू? बाळ, तूच म्हणाली होतीस. वडिलांचे पाय लटपटतात म्हणून. भिंत धरतात म्हणून."

पंचेचाळीस मुलं, मुख्याध्यापक आणि माझी आई एकदमच माझ्याकडे वळली. मला आजही आठवतं, मी चिठ्ठीची घडी घातली, मग त्या घडीची घडी. आई माझ्याकडे बघत होती. तिने रागावलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. तिने फक्त सगळं जुळवून घेतलं, आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

"लटपटतेत," ती म्हणाली. "बारा तास एका जागी उभं राहून बघा, बाई. तुमचे बी लटपटतील."

लेखिकाबाईंनी पेन खाली ठेवलं. रेंज चांगली होती, चित्र स्पष्ट होतं, पुस्तकांची कपाटं दिसत होती. त्या म्हणाल्या, "माझं चुकलं." अगदी हळू, मऊ आवाज न लावता. मग म्हणाल्या, कथासंग्रह निघायचा आहे, त्यात बघते. आई 'बरं' म्हणाली, आणि दुपारची कणीक भिजवायची आहे असं मुख्याध्यापकांना सांगून निघाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नक्की कुणासाठी, हे विचारू नये.

शाळा सुटल्यावर मी घरी गेले. आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "लटपटतेत हे सांगितलंस त्याचा राग नाही. पण सांगायचं तर पुरतं सांगावं. बारा तास हे आधी सांगावं, मग पाय." लिहिण्याबद्दल मी नंतर कितीतरी शिबिरांना बसले, दोन-चार मीही घेतली. यापेक्षा उपयोगाचं काही मला तिथे ऐकायला मिळालं नाही आणि माझ्याकडूनही कुणाला मिळालं नसावं. "आन उपाशी झोपते म्हणून सांगितलंस, ते तर पुरतं बी नाही आन अर्धं बी नाही," आई म्हणाली. "भूक लागली का तुला?" मी 'हो' म्हणाले. मेस सोडून गेलेल्यांपैकी एकजण परत आला, एक नाही आला. सातवाला पुन्हा सातावर गेला, तेव्हा आईने कुठे सुटकेचा निःश्वास टाकला आणि मटार बंद केले.

बाबांशी मात्र मी काही बोलले नाही, आणि आईनेही त्यांना वर्गातलं सगळं सांगितलं नाही. तिने एवढंच सांगितलं, "बाई म्हणाल्या, काढते." बाबांनी हुंकार भरला. ते त्या दिवसांत माझ्याशी वाकडं वागले असं नाही. घरी आले की आधी बाहेरच थोडं थांबायचे, चाळीच्या नळाशी, पाय ठिकाणावर येईपर्यंत. मग भिंतीला हात न लावता उंबरा ओलांडून आत यायचे. ते का, हे त्या घरात फक्त मला माहीत आहे असं मला वाटायचं.

संग्रह वर्ष सरता सरता आला. लेखिकाबाईंनी शाळेच्या पत्त्यावर एक प्रत माझ्या नावे पाठवली होती. सरिता नव्हे, सारिका. त्याच कारणाने मी इथे त्यांचं नाव लिहिलेलं नाही. माणूस चूक दुरुस्त करतो तेव्हा त्याच्या जुन्या चुकीवर आपण नाव घालून शिक्का मारू नये. गुरुवार होता. मशीन बंद, आरसा स्थिर, बाबा घरी. आई म्हणाली, "वाच." मी वाचायला लागले. चूल गेली होती, तिच्या जागी शेगडी आली होती. गोदा मेली ती मेलीच. त्यात लेखिकाबाईंनी माघार घेतली नाही. पण मरण्याआधी तिने हात लांब करून गॅस बंद केला. "हां," आई म्हणाली, "हे बरं केलं."

आणि नवरा. नवरा पीत नव्हता. बारा तास एका जागी उभा राहून तो घरी यायचा, असं तिथे लिहिलं होतं. बसमधून उतरल्यावर जमीनही पट्ट्यासारखी पुढे सरकते आहे असं त्याला वाटायचं, आणि उंबऱ्यात तो भिंत धरायचा, ती जागेवर आहे ना एवढंच बघायला.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. "ते परत वाच," ते म्हणाले. मी परत वाचलं.

"जमीन सरकल्यासारखी वाटते, हे मी कुणाला बोललो नव्हतो." त्यांनी आईकडे पाहिलं. "तुला बी नाही. हिला कुणी सांगितलं?"

मी नव्हतं सांगितलं. मला ते माहीतच नव्हतं. मी आईकडे पाहिलं. आई परातीकडे बघत होती.

"लिहिणाऱ्याला कोण सांगतंय," ती म्हणाली. "बारा तास म्हणलं की बाकीचं कळत असंल त्यांचं त्यांना."

बाबांनी मान हलवली. पुस्तक माझ्या हातातून घेतलं, त्या पानावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ अक्षरं जुळवत ते वाक्य स्वतःच वाचत बसले.